चर खणण्याआधी बेड्यावर या : एका फासेपारध्याचं खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या सरकारी जमिनींवर काय करायचं ते ठरवणारे वन आणि महसूल खात्यांतले अधिकारी,
आणि राज्यातले तमाम पक्षिमित्र,

स.न.वि.वि.

मी वाशीम जिल्ह्यातल्या एका बेड्यावर (पारध्यांच्या वस्तीला बेडा म्हणतात) वाढलेला फासेपारधी. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. आजोबा आणि वडील तितर, बटेर, ससे धरून जगले. मी पगारावर जगतो, पण तितर कुठल्या झुडपाच्या कुठल्या अंगाला रात्र काढत असेल हे मला अजूनही बघताक्षणी कळतं. ही ओळख आधीच देऊन टाकतो, कारण आमच्याशी बोलताना "पण तुम्ही शिकारीच ना?" हा प्रश्न तिसऱ्या वाक्याला येतोच. हो, शिकारीच. हे पत्र शिकाऱ्यानंच लिहिलं आहे.

लिहायचं कारण असं. आमच्या बेड्याला लागून ई-क्लासचा माळ आहे. (बाकी महाराष्ट्र ज्याला गायरान म्हणतो, ती सरकारी चराऊ जमीन आमच्या वऱ्हाडात ई-क्लास म्हणून ओळखतात.) बेड्यानं आणि शेजारच्या गावानं मिळून त्यातला एक तुकडा काही वर्षं राखला होता. पावसाळ्यात गुरं आत घालायची नाहीत, वणवा लागू द्यायचा नाही, तरोटा आणि रायमुनिया मुळासकट उपटायची, आणि दिवाळीच्या पुढं बी झडल्यावर गवत कापून वाटून घ्यायचं, एवढेच नियम. हळूहळू कुसळी मागं हटली. पवन्या आणि मारवेल परत आले. नाकतोडे वाढले, त्यांच्या मागोमाग भोवत्ये हे शिकारी पक्षी हिवाळ्यात घिरट्या घालू लागले. आणि एका श्रावणात तणमोर दिसला.

त्या माळावर यंदा मृगाच्या तोंडावर जेसीबी आला. सलग समतल चर खणले, चरांच्या मातीवर गिरीपुष्प आणि सुबाभूळ लावली, फलक ठोकला आणि फोटो काढून मंडळी गेली. बेड्याला कुणी विचारलं नाही, ग्रामसभेपुढं विषय आला नाही. हे काम कोणत्या कार्यालयाचं, ते मी इथं मुद्दाम लिहीत नाही. एका साहेबाची तक्रार करून प्रश्न सुटला असता तर साधा अर्ज केला असता. आमच्या माळावर जे झालं ते मराठवाड्यात, नगर-सोलापूरकडं आणि खानदेशातही होतं, आणि करणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा वाईट हेतू नसतो. म्हणूनच पत्र सगळ्यांना.

तणमोर ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. माळढोकाच्या कुळातला हा भारतातला सगळ्यांत लहान पक्षी, वजन अर्ध्या किलोच्या जरा वर. पाऊस लागला, गवत गुडघ्याला आलं की नराला काळा-पांढरा साज चढतो, कानामागं बारीक पिसांचे तुरे फुटतात, आणि तो गवतातून सरळ वर उडी घेतो, माणसाच्या उंचीएवढी, आणि पुन्हा गवतात दिसेनासा होतो. दिवसाला अशा शेकडो उड्या. हे सगळं मादीनं पाहावं म्हणून. म्हणजे गवत असं हवं की खाली उभं राहिलं तर दिसू नये आणि उडी मारली तर लांबून दिसावं. मादी अंडी घालते ती उघड्या जमिनीवर, गवताच्या आडोशाला, आणि एकटीच उबवते. गुजरातेत वेळावदर, राजस्थानात अजमेरजवळचं शोकलिया, मध्य प्रदेशात सैलाना आणि इकडं आमचा अकोला-वाशीमचा पट्टा अशा मोजक्या जागी तो आता पावसाळ्यात वीण करतो. २०२१ साली संकटातल्या प्राणी-पक्ष्यांची जागतिक यादी ठेवणाऱ्या आययूसीएन या संस्थेनं त्याला 'अतिसंकटग्रस्त' यादीत टाकलं. त्याच्यापुढं रानातून आणि मग जगातून नामशेष होणं एवढंच उरतं.

आमचे म्हातारे त्या उडीवरूनच त्याला हेरायचे. नर रोज त्याच त्या जागी उडतो. ती जागा एकदा कळली की फासा कुठं मांडायचा हे लहान पोरालाही कळे. आज तीच नजर नर किती, कुठं उडतात, मादी कुठल्या बाजूला गेली, हे सांगायला कामी येते. अकोला-वाशीम भागात कारंजा लाडच्या 'संवेदना' या संस्थेनं पारध्यांना सोबत घेऊन तणमोरासाठी आणि गवतासाठी जे काम उभं केलं, ते याच नजरेच्या बळावर. आम्ही आमच्या माळाचे नियम केले तेही तिकडचं बघूनच. पकडायची विद्या आणि राखायची विद्या आमच्याकडं एकच आहे, फरक शेवटच्या क्षणी हात काय करतो एवढाच.

हे मी भावनेच्या भरात बोलत नाही. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या शास्त्रज्ञांनी ४० वर्षांपूर्वी पश्चिम महाराष्ट्रातल्या भटक्या शिकारी जमातींचा अभ्यास केला होता. एकाच मुलुखात फिरणाऱ्या तीन जमाती, पण त्यांची शिकार वाटून घेतलेली. फासेपारध्यांनी फाशांनी काळवीट आणि पाखरं धरायची, नंदीवाल्यांनी कुत्री घेऊन रानडुक्कर, घोरपड, साळिंदराच्या मागं जायचं, वैदूंनी सापळे लावून मुंगूस, रानमांजर पकडायचं. एकानं दुसऱ्याच्या हिश्श्याला हात लावायचा नाही. फाशात गाभण हरणी किंवा पाडस सापडलं तर पारधी सोडून देत, याचीही नोंद गाडगीळांनी केली आहे. आमच्याकडं ही गोष्ट पुण्य म्हणून सांगत नसत. पुढच्या वर्षी याच रानात यायचं आहे, हा सरळ हिशेब होता.

आणि हा हिशेब फक्त आमचाच नाही. २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेत एका सिनेटरनं पश्चिमेकडच्या राज्यांतली २० ते ३० लाख एकर सरकारी जमीन विकायचा प्रस्ताव अर्थसंकल्पी विधेयकात घुसवला होता. त्याविरुद्ध मोंटाना-आयडाहोकडचे बंदूकवाले शिकारी आणि एरवी त्यांच्याकडं पाठ फिरवून बसणारे पर्यावरणवादी एकत्र उभे राहिले, आणि महिना संपायच्या आत प्रस्ताव मागं घ्यावा लागला. तिथं बंदुका-काडतुसांवरचा १०-११ टक्के कर १९३७ पासून वन्यजीवांच्या कामासाठी वापरतात, त्यामुळं शिकाऱ्याला या विषयावर बोलायचा मान आहे. मी आमची तुलना त्यांच्याशी करत नाही. तिथला शिकारी हौसेनं, परवाना काढून जातो, आमच्याकडं परवाना तर सोडाच, रेशनकार्डही धड नव्हतं. पण जमिनीवरचं रान गेलं तर दोघांचंही सगळं गेलं, एवढी गोष्ट तिकडच्या आणि इकडच्या शिकाऱ्याला सारखीच कळते. आपल्याकडं ती पक्षिमित्रांनाही कळते. तरी आपण एका बाजूला उभे नाही, आणि त्याची मला दिसणारी कारणं पुढं देतो.

पहिलं आणि सगळ्यांत मोठं गाऱ्हाणं जमिनीचं. सरकारी नकाशांत गवताचा माळ 'पडीक' या सदरात जातो. २०१९ च्या देशव्यापी पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात देशाचा जवळपास १७ टक्के भूभाग या सदरात दाखवला आहे, आणि त्यात कितीतरी जित्ती गवताळ रानं आहेत. एकदा पडीक ठरलं की तिथं काहीही करणं म्हणजे सुधारणाच. राज्यात २०१६ ला २ कोटी, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटी झाडं लावायची मोहीम झाली. एवढी झाडं लावायला मोकळी जागा हवी, आणि मोकळी जागा म्हणजे गायरान, ई-क्लास, माळ. दुसरीकडं कुठं रस्त्यासाठी, खाणीसाठी जंगल तोडलं की त्याची भरपाई म्हणून वृक्षारोपण करायचं, तेही बहुतेकदा माळावर. म्हणजे जंगल गेलं ते गेलंच, वर माळही गेला. सौर कृषिवाहिनीच्या दुसऱ्या टप्प्यात सौर पॅनेलसाठीही सरकारी जमिनी शोधल्या जातात, आणि तिथंही पहिली नजर गायरानावर. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळायला हवी, त्यात वाद नाही. पण कुठल्या माळावर पॅनेल चालतील आणि कुठल्या नाही, हे ठरवताना तिथं काय जगतं हे कुणी विचारतं का?

चर खणल्यानं नेमकं काय होतं ते सांगतो, कारण शहरातल्या वाचकाला झाड लावणं वाईट कसं असेल असं वाटतं. माळावरचं चांगलं गवत बहुवर्षायू असतं. वर सुकलं तरी मुळं खाली जिवंत, आणि जमिनीतला बराचसा कस, कार्बनसुद्धा, त्या मुळांतच. जेसीबीच्या बकेटनं ती मुळं उलटतात. उकरलेल्या मातीवर आधी गाजरगवत आणि तरोटा येतो, पवन्या येत नाही. गिरीपुष्प, सुबाभूळ मोठी झाली की खाली सावली, आणि सावलीत माळाचं गवत टिकत नाही. झाडावर कावळे बसतात, उघड्यावरची अंडी त्यांना वरून दिसतात. तणमोर, धाविक, चंडोल, माळटिटवी यांना झाडाची गरजच नसते, उलट झाड दिसलं की ते जागा सोडतात. काळवीट आणि लांडगा यांनाही लांबवर नजर पोचणारा माळ लागतो. फलकावर 'हरित' असं लिहून आपण तिथले सगळे रहिवासी हाकलतो.

जमिनीचं दुसरं टोकही पाहू. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं, तेही ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात गावं, शेतं, वस्त्या सगळं आलं. लोकांना आपली जमीन विकता येईना, व्यवहार अडले, आणि माळढोक म्हणजे डोक्यावरचं संकट अशी गावांची समजूत झाली. पुढं क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर पक्षी जवळपास संपला होता. लोकांना बाजूला ठेवून कागदावर केवढंही कुंपण घाला, त्याच्या आत पाखरू राहील याची हमी नाही.

दुसरं गाऱ्हाणं आमच्याबद्दलच्या संशयाचं. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि पुढं त्या यादीत आमचीही नावं आली. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला, म्हणून त्या दिवशी आम्ही विमुक्त दिन साजरा करतो. १९७२ ला वन्यजीव संरक्षण कायदा आला. तो योग्यच होता. पण त्याच्यासोबत एक गोष्ट अशी झाली की काल बंदुकीनं वाघ मारणारा राजा-रजवाडा आज वन्यजीवप्रेमी म्हणून मंडळावर बसला, आणि काल तितर धरणारा पारधी शिकारचोर झाला. सालिम अली लहानपणी एअरगननं पाडलेल्या एका चिमणीच्या कुतूहलातून पक्ष्यांकडं वळले, हे सगळ्या पक्षिमित्रांना पाठ आहे. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सुरुवातीचे कितीतरी सभासद शिकारी होते. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. फक्त इतकंच विचारतो, बंदूक खाली ठेवणारा अभ्यासक होतो, तर फासा खाली ठेवणारा संशयितच का राहतो? याच संस्थेच्या पक्षिस्थलांतराच्या अभ्यासात बिहारमधला अली हुसेन नावाचा मीरशिकार, म्हणजे पिढीजात पाखरं धरणारा, वर्षानुवर्षं पक्षी जिवंत आणि अलगद पकडून देत होता, म्हणून त्यांच्या पायांत कडी घालता आली. म्हणजे वाट आहे, फक्त ती एखाद-दुसऱ्यासाठी उघडते.

आमच्यातले काही जण मोठ्या शिकारीत सापडले आहेत, हे मी झाकत नाही. मेळघाटात २०१३ च्या सुमारास वाघांच्या शिकारीची प्रकरणं उघड झाली, त्यांत पारधी-बहेलिया होते, न्यायालयानं शिक्षाही दिल्या. गुन्हा केला त्याला शिक्षा व्हावी. पण वाघाच्या कातड्याचा धंदा जिथून चालतो तिथपर्यंत तपास पोचो न पोचो, आमच्या बेड्यावर मात्र गाडी येतेच. तालुक्यात कुठं शेळी चोरीला गेली तरी येते. ज्याला रात्री कधीही उचलून नेतील, तो माणूस दिवसा तुमच्या खात्याला तणमोराचं घरटं कुठं आहे ते सांगायला येईल का?

तिसरं गाऱ्हाणं छोटं आहे. ज्ञान आमचं, मानधन दुसऱ्याचं. मोजणी करायला शहरातून पथक येतं, बेड्यावरचं पोरगं पहाटे चारला त्यांना माळावर नेतं, अहवालात त्याचं नाव नसतं. पाचशे रुपये हातावर ठेवले की झालं.

चौथं. तितर-बटेर धाब्यावर खाणारे, गाडीची काच खाली करून "आहे का?" विचारणारे, त्यांच्यावर कधी गुन्हा दाखल झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. धरणारा दिसतो कारण तो उघड्या माळावर असतो. विकत घेणारा एसी गाडीत असतो. माझ्या वडिलांनी धरलेली पाखरं आमच्या ताटात क्वचितच पडली. ती आठवडी बाजारातून बरोबर कुठल्या घरी जात, हे त्या गावाला माहीत होतं.

पाचवं गाऱ्हाणं पक्षिमित्रांबद्दल, आणि हे आपलेपणानं सांगतो. पावसाळ्यात तणमोर नाचायला लागला की काही जणांच्या गाड्या माळावर उतरतात. उडीचा फोटो हवा म्हणून गवतात गाडी घालतात, तासन् तास तिथंच थांबतात, कुणी मोबाइलवर आवाज वाजवून पाखराला बोलावतात. मग फोटो जागेच्या नावासकट फिरतो आणि पुढच्या रविवारी आणखी गाड्या. आमचे लोकही पिंजऱ्यातला तितर बोलता ठेवून रानातला तितर बोलावायचे, त्यामुळं ही युक्ती आम्हाला चांगली ओळखीची आहे. फरक इतकाच की आमच्या हातात फासा असे, तुमच्या हातात कॅमेरा असतो. नाचणाऱ्या नराला दोन्हींचा त्रास सारखाच होतो. वीणीच्या काळात माळावर गाडी नाही आणि जागेचं नाव नाही, एवढं तुमच्या संघटनांनी आपसांत ठरवलं तर आमच्या पोरांना "तुम्ही थांबा, ते साहेब लोक चालतात" असं समजवायची पाळी माझ्यावर येणार नाही.

आता कुणी म्हणेल, शिकाऱ्याच्या शब्दावर विश्वास कसा ठेवायचा. ठेवलेला आहे, आणि तो टिकलेला आहे. नागालँडमध्ये वोखा जिल्ह्यातल्या पांगती गावाजवळ दोयांग जलाशयावर २०१२ मध्ये लाखाच्या वर अमूर ससाणे जाळी लावून मारले गेले. पुढच्याच वर्षी, २०१३ ला, त्याच गावांनी जाळी काढून टाकली आणि एकही ससाणा मेला नाही. त्याच राज्यातल्या खोनोमा गावानं १९९८ मध्ये स्वतःहून शिकार बंद केली. अरुणाचलात पक्केच्या जंगलाभोवती निशी लोक धनेशाची घरटी राखतात. मध्य प्रदेशातल्या पन्नाच्या जंगलातून २००९ पर्यंत वाघ पूर्ण संपले होते, आज तिथं पारधी पर्यटकांना रान दाखवतात, त्यांची मुलं वसतिगृहात शिकतात. केरळात पेरियारच्या जंगलात चोरून झाडांची साल काढणारे रखवालदार झाले. यातल्या बहुतेक जागी आधी कुणीतरी बोलायला गेलं, रोजगाराचं बघितलं, आणि काही ठिकाणी जमिनीवर लोकांचा हक्कही मान्य केला. आपल्याच अमरावती जिल्ह्यात पायविहीरनं सामूहिक वनहक्क मिळाल्यावर उजाड टेकडीचं काय केलं ते जाऊन बघावं. गावाच्या जंगलावर हक्क मिळवणारं गडचिरोलीतलं मेंढा-लेखा तर सगळ्यांना ठाऊकच आहे.

गवताच्या बाबतीत तर जमवून घेणं सोपं आहे, कारण वेळापत्रकच जुळतं. जून ते सप्टेंबर तणमोराला माळ हवा, त्या काळात तसंही ओलं गवत कापायचं नसतं. ऑक्टोबरनंतर पिल्लं उडून जातात, गवताचं बी झडतं, आणि आमची कापणी सुरू होते. पुढं हलकी चराई चालली तर गवत दाटून कुजत नाही, नवा फुटवा चांगला येतो. गावरान गाईला चारा मिळतो, बेड्याला गवत विकून पैसा मिळतो, गावाच्या विहिरीला पाणी मुरतं. पुणे जिल्ह्यात कडबनवाडी, शिर्सुफळकडं गवताळ माळाची सफारी सुरू झाली, म्हणजे माळाला किंमत आहे हे खात्याला आता पटलंय. फक्त ते पटलेलं आमच्या जिल्ह्यापर्यंत पोचू दे.

म्हणून मागण्या अशा आहेत.

१) ई-क्लास, गायरान आणि वनजमिनींवरचे गवताळ माळ 'पडीक'मधून काढून स्वतंत्र सदरात नोंदवा. ही पाहणी प्रत्येक तालुक्यात ग्रामसभा आणि बेड्यांच्या लोकांना सोबत घेऊन करा, त्यांना मजुरी द्या. पाहणी होईपर्यंत अशा माळांवर चर, रोपवन आणि सौर प्रकल्प थांबवा. झाडं लावायची तर गावठाणात, रस्त्याकडेला, जिथं पूर्वी झाडं होती तिथं लावा, आम्ही खड्डे खणायला येऊ.

२) आमच्या माळावर खणलेले चर बुजवा, आणि ते काम रोजगार हमीतून बेड्याला द्या. रायमुनिया, विलायती बाभूळ काढणं, स्थानिक गवताचं बी पेरणं हीदेखील रोहयोची कामं म्हणून मंजूर करा. गवत राखणं हे काम आहे, त्याला मजुरी लागते.

३) जिथं जमीन वन म्हणून नोंदलेली आहे, तिथं २००६ च्या वनहक्क कायद्याखाली बेड्यांचे सामूहिक दावे घ्या आणि निकाली काढा. त्याच कायद्यात शिकारीचा आणि फासे लावण्याचा हक्क स्पष्ट वगळला आहे, आम्ही तो मागतही नाही. आम्हाला राखण्याचा आणि व्यवस्थापनाचा हक्क हवा आहे. जिथं जमीन महसूलची आहे, तिथं जैवविविधता कायद्याखाली वारसास्थळ जाहीर करण्याचा विचार करा. आलापल्लीच्या जंगलाला २०१४ मध्ये तो दर्जा मिळाला, तर तणमोराच्या माळाला का नाही? अट एकच, वारसास्थळ म्हणून तारा ठोकून आम्हालाच बाहेर ठेवू नका.

४) वीणीच्या काळात माळरक्षक आणि वर्षभर निरीक्षक म्हणून बेड्यावरच्या तरुण-तरुणींना मानधनावर घ्या. मध्य प्रदेशात सैलानाकडं शेतात खरमोर, म्हणजे आपला तणमोर, दिसला आणि शेतकऱ्यानं राखला तर वनखातं रोख बक्षीस देतं. आपल्याकडं सोयाबीन-तुरीच्या वावरात घरटं निघालं तर शेतकऱ्यासाठी तशी सोय करा.

५) पुराव्याशिवाय बेड्यावर धाड नको. धरणाऱ्यासोबत विकत घेणाऱ्यावरही गुन्हा दाखल करा.

६) जातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागता. फिरत्या माणसाकडं सातबारा नसतो. आमच्या कितीतरी घरांची त्या काळातली एकमेव सरकारी नोंद पोलीस ठाण्याच्या हजेरीपुस्तकात सापडते. निदान ती तरी विनाखळखळ ग्राह्य धरा. आम्हाला गुन्हेगार म्हणून लिहिलेले कागद अखेर आमच्या पोरांच्या वसतिगृहाच्या प्रवेशाला तरी उपयोगी पडू द्या.

आणि आमच्या बाजूनं काय? बेड्यावरच्या समितीनं, जातपंचायतीनं नव्हे, ठरवलं आहे ते लिहितो. तणमोर आणि माळढोक यांना कुणी हात लावणार नाही. जून ते सप्टेंबर राखीव माळावर कुत्री, जाळी, फासा, विस्तव काही जाणार नाही. कुणी मोडलं तर त्याची माहिती आम्ही स्वतः ग्रामसभेत ठेवू, लपवणार नाही. घरट्याची जागा फक्त नोंद ठेवणाऱ्याला कळेल, फोटोवाल्याला नाही. तितर-बटेर धरणं कायद्यानं बंद आहे. ते पूर्ण थांबायचं तर आमच्या ज्या घरांची चूल अजून त्यावर आहे त्यांना मागण्या २ आणि ४ मधलं काम लवकर मिळायला हवं. हे मी धमकी म्हणून लिहीत नाही, चुलीची परिस्थिती आहे तशी लिहितो.

पक्षिमित्रांना एक विनंती वेगळी. तुमच्या पक्षिमित्र संमेलनात तणमोरावर सत्र होईल तेव्हा स्लाइड दाखवणारा तुमचा असू दे, पण त्याच्या शेजारी आमच्या बेड्यावरचा एखादा म्हातारा बसवा. त्याला विचारा. त्याची मराठी तुम्हाला कळली नाही तर मी भाषांतर करतो, घरी आम्ही आमची वागरी बोलतो.

हे पत्र आमच्या ग्रामसभेत वाचून दाखवलं आहे. चरांबद्दलचा ठराव त्याच सभेत झाला, त्याची नक्कल संबंधित कार्यालयात टपालानं पाठवली आहे. उत्तर ग्रामसभेच्या नावानं लेखी द्यावं, आणि भेटायचं असेल तर पुढच्या मृगाच्या आधी यावं, म्हणजे चर बुजवून बी पेरायला वेळ मिळेल.

आपला,
एका बेड्यावरचा मास्तर
जि. वाशीम